नऊ हजार वर्षांच्या अस्थी, वीस वर्षांचा वाद: केनेविक प्रकरणाचा अभ्यास

मराठीत हाडे आणि अस्थी असे दोन शब्द आहेत आणि आपण ते कधी अदलाबदल करत नाही. हाडे शरीरशास्त्राच्या पुस्तकात असतात, एक्स-रेमध्ये दिसतात. अस्थी कोणाच्या तरी असतात. त्या गोळा करायला घरची माणसे जातात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९९६ साली एक सांगाडा सापडला आणि पुढची वीस वर्षे दोन बाजू त्याच्याकडे या दोन शब्दांनी पाहत राहिल्या. अमेरिका खंडातल्या आद्य रहिवाशांविषयीच्या अभ्यासात या प्रकरणाइतके शिकवून जाणारे दुसरे प्रकरण माझ्या वाचनात नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो. निर्णय ज्यांच्या सहीने झाले त्यांची नावे दिली आहेत. बाकीच्यांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे.

पार्श्वभूमी

२८ जुलै १९९६, रविवार. केनेविक शहराजवळ कोलंबिया नदीवर वेगवान बोटींच्या शर्यती चालल्या होत्या. दोन कॉलेजची मुले काठाकाठाने पाण्यातून चालत होती. गाळात गोल दगडासारखे काहीतरी दिसले, उचलून पाहिले तर माणसाची कवटी. त्यांनी ती झुडपात ठेवली, शर्यत पाहिली आणि मग पोलिसांना कळवले.

ही जागा मॅकनेरी धरणाच्या फुगवट्यात येते. पाण्याने काठ कातरत नेला आणि आतले उघडे पडले. फुगवट्याची जमीन लष्कराच्या अभियांत्रिकी खात्याच्या, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या ताब्यात. जमीन केंद्र सरकारची असल्यामुळे पुढचा सगळा मामला केंद्रीय कायद्याखाली गेला.

संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने गावातल्याच एका मानवशास्त्रज्ञाला बोलावले. पुढचे काही आठवडे काठावरचा गाळ चाळून जवळजवळ अख्खा सांगाडा गोळा झाला, सुमारे तीनशे हाडे आणि तुकडे. कवटी लांबट आणि अरुंद, चेहरा पुढे आलेला. पहिला अंदाज असा, की हा एकोणिसाव्या शतकात इथे वस्तीला आलेला कोणी गोरा माणूस असावा.

मग कमरेचे उजवे हाड तपासताना त्यात काहीतरी रुतलेले दिसले. सीटी स्कॅन केला. आत दगडी भाल्याचे टोक होते आणि हाड त्याच्याभोवती वाढून जखम भरून आली होती. म्हणजे या माणसाला तारुण्यात कोणीतरी भाला मारला, तो वाचला आणि ते टोक अंगात वागवत पुढे बरीच वर्षे जगला. हे टोक ज्या घडणीचे होते ती घडण हजारो वर्षांपूर्वीची. हाताच्या बोटामागचे एक छोटे हाड रेडिओकार्बन चाचणीला पाठवले आणि ऑगस्टअखेर उत्तर आले: सुमारे नऊ हजार वर्षे.

आता दुसरी बाजू. कोलंबियाच्या या पठारावर उमाटिला, याकामा, नेझ पर्स, कोलव्हिल आणि वानापम या जमाती राहत आल्या आहेत. सॅमन मासा, कंदमुळे आणि नदी यांवर त्यांचे जगणे उभे होते. १८५५ साली वॉला वॉला इथे झालेल्या तहांनी यांपैकी उमाटिला, याकामा आणि नेझ पर्स यांची बरीचशी जमीन सरकारकडे गेली. नदीवर धरणे झाली तशा जुन्या वस्त्या आणि स्मशानभूमी पाण्याखाली गेल्या.

आणखी एक जखम होती. १८६०च्या दशकात लष्कराच्या सर्जन जनरलच्या कार्यालयाने इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, कवट्या जमवण्याचे हुकूम काढले होते. रणांगणावरून, कबरींतून कवट्या उचलून मोजमापासाठी वॉशिंग्टनला रवाना होत. त्यातून आणि पुढच्या उत्खननांतून देशभरच्या संग्रहालयांत हजारो माणसांचे अवशेष खोक्यांत जाऊन बसले. दीर्घ लढ्यानंतर १९९० साली कायदा झाला, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून नॅगप्रा म्हणतात. त्यानुसार सरकारी जमिनीत किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांत असलेले मूळ रहिवाशांचे अवशेष संबंधित जमातींना परत करावे लागतात. केनेविकची कवटी सापडली तेव्हा हा कायदा सहा वर्षांचाही नव्हता.

अडचण नेमकी कुठे आली

पहिल्या मानवशास्त्रज्ञाने कवटीचे वर्णन करताना ‘कॉकेसॉइड’ हा शब्द वापरला. शरीररचनेच्या जुन्या परिभाषेतला हा शब्द कवटीच्या आकारापुरता होता, असे त्याने नंतर पुन्हा पुन्हा सांगितले. पण वर्तमानपत्रांनी त्याचा सरळ अर्थ ‘गोरा’ असा लावला. नऊ हजार वर्षांपूर्वी अमेरिकेत युरोपीय वळणाचा माणूस होता, तर मग ‘इंडियन आधी आले’ हे खरे कसे, अशा चर्चा सुरू झाल्या. प्राचीन नॉर्डिक देवतांची उपासना करणारा एक गट हा आमचाच पूर्वज म्हणून कोर्टात गेला. जमातींना या चर्चेतून एकच गोष्ट ऐकू आली: तहांनी जमीन गेली, आता मुळापासूनचे इथले असणेही काढून घेणार.

जमातींची भूमिका सुरुवातीपासून स्पष्ट होती. उमाटिलांच्या एका धर्मप्रमुखाने त्याच वर्षी निवेदन काढले. त्याचा आशय असा, की हा माणूस खरोखर नऊ हजार वर्षांचा असेल तर तो आमचाच असल्याचे त्यातून आणखी पक्के होते, कारण आमच्या मौखिक इतिहासाप्रमाणे आम्ही काळाच्या आरंभापासून इथेच आहोत. ते त्याला ‘द एन्शंट वन’ म्हणत. शास्त्रज्ञ आणि पत्रकार ‘केनेविक मॅन’ म्हणत. एका नावात तो वडीलधारा आहे, दुसऱ्यात तो सापडल्या जागेच्या नावाने नोंदवलेला नमुना.

कायद्याच्या व्याख्येत अडचण आणखी बारीक होती. ‘नेटिव्ह अमेरिकन’ म्हणजे अमेरिकेत मूळ रहिवासी ‘असलेल्या’ जमातीशी, लोकांशी किंवा संस्कृतीशी संबंधित. इंग्रजी मजकुरात इथे वर्तमानकाळी क्रियापद आहे. ‘असलेल्या किंवा होऊन गेलेल्या’ असे नाही. मग नऊ हजार वर्षांपूर्वीचा माणूस आजच्या जिवंत जमातीशी संबंधित आहे, हे दाखवायचे कसे? एका क्रियापदाच्या काळावर आठ वर्षे कोर्ट चालले.

समोर असलेले पर्याय

सप्टेंबर १९९६ मध्ये कोअरसमोर ढोबळमानाने तीन वाटा होत्या. अस्थी ताबडतोब जमातींना द्यायच्या. किंवा जमातींशी बसून, त्यांच्या अटींवर, ठरावीक मुदतीत अभ्यास करून मग द्यायच्या. किंवा वंशाचा निकाल लागेपर्यंत ताब्यात ठेवायच्या.

कोअरने पहिली वाट धरली, तीही घाईने. अस्थींचे वय कळल्यानंतर काही दिवसांतच पुढचे संशोधन थांबवून अस्थी ताब्यात घेतल्या आणि त्या पाच जमातींना देण्याची जाहीर सूचना काढली. या घाईमागे कारण होते: कोलंबियाच्या खोऱ्यात धरणे, मासेमारी असे कोअरचे या जमातींशी रोजचेच विषय होते आणि संबंध बिघडवायचे नव्हते. पण सांगाडा आजच्या जमातींशी कसा जोडला जातो, याचे लेखी कारण नोंदींत जवळजवळ नव्हते. भावना योग्य आणि कागद कच्चा. अशा निर्णयाला कोर्टात पाय राहत नाहीत.

शास्त्रज्ञांची बाजूही मला परकी वाटत नाही. आपल्याकडे घोड नदीकाठच्या इनामगावात घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुले सापडली. त्यांच्या हाडांवरून तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचा आहार, आजार, बालमृत्यू यांविषयी जे कळले ते दुसऱ्या कशातून कळले नसते. उत्तर अमेरिकेत आठ-नऊ हजार वर्षांहून जुने माणसांचे अवशेष बोटांवर मोजण्याइतके आणि त्यांतला अख्खा सांगाडा तर क्वचितच. तो न पाहता मातीत जाणार म्हटल्यावर त्यांना अस्वस्थ वाटले यात गैर काही नाही. त्यांच्यापुढेही पर्याय होते: जमातींच्या नेत्यांकडे जाऊन परवानगी मागायची, कोअरला मुदतवाढ मागायची किंवा कोर्ट. कोअरच्या सूचनेची मुदत संपत आली होती आणि आठ शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये दावा दाखल केला. त्या क्षणी जमाती आणि शास्त्रज्ञ यांच्यातले बोलणे वकिलांच्या हाती गेले.

काय घडत गेले

१९९७ मध्ये न्यायाधीश जॉन जेल्डर्क्स यांनी कोअरचा निर्णय रद्द केला आणि नव्याने विचार करायला सांगितले. एप्रिल १९९८ मध्ये कोअरने काठाची धूप थांबवण्याचे कारण देऊन अस्थी सापडलेल्या जागेवर शेकडो टन दगडमाती टाकली. ही जागा तशीच ठेवावी अशी तरतूद त्याच वेळी संसदेत पुढे सरकत होती. मातीचे थर, पुरण्याची पद्धत, आसपास काही ठेवले होते का, हे पाहण्याची शक्यता त्या ढिगाखाली गेली. या प्रकरणातला हा निर्णय मला सर्वांत अक्षम्य वाटतो, कारण त्याने कोणाचेच भले झाले नाही. जमातींना अस्थी मिळाल्या नाहीत, शास्त्राला जागा मिळाली नाही, आणि सरकार काहीतरी लपवते आहे हा संशय मात्र पक्का झाला.

त्याच सुमारास लक्षात आले की मांडीच्या हाडांचे मोठे तुकडे जागेवर नाहीत. ते २००१ मध्ये सापडले. नऊ हजार वर्षे नदीने सांभाळलेली हाडे पाच वर्षांत माणसांच्या हातून हरवली होती, हे वाचताना अंगावर काटा येतो. मूळ सांगाडा ऑक्टोबर १९९८ मध्ये सिएटलच्या बर्क संग्रहालयात हलवला गेला.

अंतर्गत मंत्रालयाने मग स्वतः अभ्यास करवला. २००० साली तीन प्रयोगशाळांनी डीएनए काढण्याचा प्रयत्न केला. जमातींचा त्याला विरोध होता, कारण त्यासाठी हाड जाळावे, कुटावे लागते. त्या काळच्या तंत्राने काहीच हाती आले नाही. सप्टेंबर २००० मध्ये मंत्री ब्रूस बॅबिट यांनी भूगोल आणि मौखिक परंपरा यांच्या आधारे अस्थी जमातींच्या, असा निर्णय दिला. २००२ मध्ये जेल्डर्क्स यांनी तोही फिरवला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शास्त्रज्ञांच्या बाजूने शिक्कामोर्तब केले. आजच्या जमातीशी नाते सिद्ध नाही, म्हणून नॅगप्रा लागू नाही. मौखिक परंपरा इतक्या काळाचा पुरावा म्हणून पुरेशी नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

२००५ आणि २००६ मध्ये मोजक्या दिवसांसाठी शास्त्रज्ञांना सांगाडा पाहायला मिळाला. चाळिशीच्या आसपासचा, उजव्या हाताचा, मजबूत बांध्याचा पुरुष. भाला फेकून फेकून उजवा खांदा झिजलेला. बरगड्या मोडलेल्या, कपाळावर जुना मार. आणि एक गोष्ट, जी माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची: हाडांवरच्या क्षारांच्या थरांवरून आणि मांडणीवरून तो वाहून आलेला नव्हता. त्याला कोणीतरी पाठीवर नीट झोपवून पुरले होते. त्याची माणसे होती.

त्याच अभ्यासात कवटीच्या मापांवरून त्याचे साम्य पॉलिनेशियन आणि जपानच्या आइनू लोकांशी जोडले गेले. हाडांतल्या रसायनावरून तो समुद्री प्राण्यांवर जगणारा, म्हणजे किनाऱ्यावरून आलेला, असेही मांडले गेले. यावर मतभेद झाले. सॅमन स्वतः समुद्रात वाढून नदीत चढतो, हे त्या पठारावर सगळ्यांना माहीत आहे.

निष्पत्ती

दरम्यान प्राचीन डीएनए वाचण्याचे तंत्र पार बदलले. कोपनहेगनच्या संशोधकांना हाताच्या हाडाचा सुमारे २०० मिलिग्रॅम तुकडा मिळाला. तुलनेसाठी आजच्या लोकांचे नमुने हवे होते आणि दावेदार पाच जमातींपैकी फक्त कोलव्हिलने ते देण्याचे मान्य केले. त्यांना हा निर्णय सोपा नव्हता. ज्या विज्ञानाने कवट्या पळवल्या त्याच्याच नळीत आपली लाळ द्यायची होती, आणि निकाल विरुद्ध गेला असता तर तोच कोर्टात त्यांच्यावर उलटला असता.

जून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगातल्या इतर कोणत्याही लोकांपेक्षा हा माणूस आजच्या अमेरिकी मूळ रहिवाशांना जवळचा आहे, आणि तपासलेल्या गटांत कोलव्हिल अगदी निकटच्यांपैकी. थेट वंशज की चुलत शाखा, हे सांगता आले नाही. तुलनेला अमेरिकेतल्या फार थोड्या जमातींचे नमुने होते. त्याच लेखात कवटीची मापेही पुन्हा तपासली गेली आणि एकाच कवटीवरून माणसाचा वंश ठरवता येत नाही हे दाखवले गेले. एका गटातल्या दोन माणसांच्या कवट्यांतच इतका फरक असतो. कोअरने शिकागो विद्यापीठाकडून हे विश्लेषण स्वतंत्रपणे पडताळून घेतले आणि एप्रिल २०१६ मध्ये अस्थी मूळ रहिवाशाच्याच असल्याचे मान्य केले.

डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी सही केलेल्या जलसुविधांविषयीच्या एका कायद्यात अस्थी परत देण्याचे कलम घातले गेले. १७ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्क संग्रहालयात अस्थी जमातींच्या हवाली झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे, पाच जमातींच्या दोनशेहून अधिक लोकांच्या उपस्थितीत, त्या कोलंबियाच्या पठारावर पुरल्या गेल्या. जागा जाहीर केलेली नाही.

वेगळे काय करता आले असते

या प्रकरणाचा निकाल पाहून दोन्ही बाजूंचे समर्थक आपापला विजय सांगतात. शास्त्रज्ञांनी दावा केला नसता तर अस्थी १९९६ मध्येच मातीत गेल्या असत्या आणि डीएनए वाचताच आला नसता, हे खरे आहे. पण जमातींनी पहिल्या दिवशी सांगितलेले उत्तर बरोबर होते आणि ते सिद्ध करण्याचा भार वीस वर्षे त्यांच्याच डोक्यावर होता, हेही तितकेच खरे. मला दुसरी गोष्ट जड वाटते. ज्यांच्या घरी शोक आहे त्यांच्याकडे नात्याचा दाखला मागायचा, तर मागणाऱ्याने निदान आपले मोजमाप आधी पडताळून पाहायला हवे होते.

पहिला निर्णायक क्षण ऑगस्ट १९९६चा. वय कळल्यावर वर्तमानपत्रांशी बोलण्याआधी जमातींना फोन व्हायला हवा होता, आणि ‘कॉकेसॉइड’ हा शब्द तेव्हाच गाळायला हवा होता. एका कवटीवरून काय सांगता येत नाही, हे सांगणे हे तज्ज्ञाचेच काम. पुढे त्याच मानवशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या पाण्याखालच्या गुहेत सापडलेल्या, बारा हजार वर्षांहून जुन्या मुलीचा अभ्यास केला. तिचीही कवटी आजच्या मूळ रहिवाशांहून वेगळी आणि आईकडून येणारा डीएनए त्यांच्याचसारखा. २०१४ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले आणि आपली आधीची दिशा बदलली. मत बदलायला धैर्य लागते, त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे.

दुसरा क्षण कोअरच्या सूचनेचा. दोन महिने घेऊन कारणे लिहिली असती, जमातींचे वडीलधारे आणि पुरातत्त्वज्ञ यांना एका टेबलाशी बसवले असते, तर कोर्टाला रद्द करायला इतके सोपे काही मिळाले नसते. हे मी कल्पनेने म्हणत नाही, कारण त्याच वर्षी नेमके हेच दुसरीकडे घडले होते.

४ जुलै १९९६ रोजी, केनेविकच्या तीन आठवडे आधी, अलास्काच्या प्रिन्स ऑफ वेल्स बेटावरच्या एका गुहेत माणसाचा जबडा आणि काही हाडे सापडली. वय सुमारे दहा हजार वर्षे, म्हणजे केनेविकपेक्षाही जुनी. जमीन तिथेही केंद्र सरकारची, वनखात्याची. खात्याच्या पुरातत्त्वज्ञाने काम थांबवले आणि लगेच जवळच्या क्लावॉक आणि क्रेग या गावांतल्या त्लिंगित जमातींच्या प्रमुखांना कळवले. त्यांच्यातही वाद झाला. काहींना अस्थींना हातच लावायला नको होता. काहींना वाटले, हा आजोबा आपल्याला काही सांगायला आला असेल. शेवटी त्यांनी अटी घातल्या: गुहेत कबर असल्याचे दिसले तर काम बंद, जे कळेल ते आधी आम्हाला, आणि शेवटी अस्थी परत. शास्त्रज्ञांनी अटी पाळल्या. उत्खनन झाले, डीएनएही वाचला गेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्लिंगित लोकांनी त्याला शुका का, म्हणजे ‘आपल्या आधीचा माणूस’ असे नाव दिले.

२००८ मध्ये त्याच्या अस्थी त्याच्या लोकांनी पुन्हा मातीत ठेवल्या. एकही दावा कोर्टात गेला नव्हता. केनेविकच्या अस्थी तेव्हा सिएटलच्या संग्रहालयात कुलूपबंद होत्या, आणि घरी जायला त्यांना अजून नऊ वर्षे लागणार होती.